हाक मारली तर फाइलनं ओ द्यावी

वाचकाचं पत्र, थोडक्यात

नागपूरच्या महाल भागातून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. ओळख कळू नये इतपत छाटून देते. वय ४७. गेली १९ वर्षं त्या घरच्याच डीटीपीच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतात; गिऱ्हाईक आणि छापखान्याची धावपळ दीर बघतात. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, तेरवीची पत्रं, मंडळांची पावती पुस्तकं, मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक) आणि दुर्गोत्सवाची पत्रकं असं सगळं काम. डी आणि ई ड्राइव्ह मिळून ३८ हजारांवर फायली झाल्यात. मागच्या महिन्यात एक जुने गिऱ्हाईक आले. मोठ्या मुलीची पत्रिका २०१९ साली अक्षय तृतीयेच्या लग्नासाठी इथंच केली होती, धाकटीची अगदी तशीच पाहिजे म्हणाले. ताईंना ती पत्रिका डोळ्यांपुढे दिसत होती, फाइल मात्र पाऊण तास शोधून सापडली नाही. ‘येतो मग’ म्हणून गेले ते गेलेच. चार दिवसांनी दुसरंच काही शोधताना ती मिळाली: ‘मोठा भाऊ’ नावाच्या फोल्डरमध्ये, ‘नवीन ७’ या नावानं.

इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्यानं सुट्टीत येऊन सहा पायऱ्यांची फोल्डरं करून दिली, तेव्हापासून जे सापडायचं तेही सापडेनासं झालं. आता तो नवा कॉम्प्युटर घ्या म्हणतो. दीर म्हणतात, ‘वहिनी, तुम्ही आधीपासून आवरत काऊन नाही गेल्या?’ ताईंचा प्रश्न असा: पितृपक्षात लग्नाचं काम नसतं, तेव्हा आठ दिवस दुकान बंद ठेवून सगळ्या फायली एकदाच्या लावून काढू का? की माझ्यातच शिस्त नाही हे मान्य करून एखादी शिकलेली मुलगी कामाला ठेवू?

ताई,

आधी नुसता हिशेब करू. आठ दिवस, रोज आठ तास, म्हणजे ३,८४० मिनिटं. फायली ३८ हजार. मिनिटाला दहा, एका फायलीला सहा सेकंद. त्या सहा सेकंदांत फाइल उघडायची, कोणाची ते ओळखायचं, नाव द्यायचं आणि जागेवर न्यायची. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली फोटो घातलेली पत्रिका तर सहा सेकंदांत धड उघडतही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तुमचे डोळे दुखायला लागतील, चौथ्या दिवशी तुम्ही ‘इतर’ नावाचं फोल्डर कराल आणि उरलेलं सगळं त्यात ओताल. हे मी छातीठोक सांगते, कारण माझ्या कॉम्प्युटरवर ‘इतर’, ‘इतर २’ आणि ‘बघायचं आहे’ अशी तीन फोल्डरं आहेत, आणि मी लोकांना सल्ले देते.

शिवाय पितृपक्षात लग्नपत्रिका नसल्या तरी त्याच पंधरवड्यात दुर्गोत्सव मंडळांची पावती पुस्तकं तुमच्याकडे येतात. हे तुम्हीच पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय आणि चौथ्या पानावर विसरलात. दुकान बंद ठेवू नका.

आता शिस्तीचं. ‘नवीन ७’ हे नाव तुम्ही दिलं तेव्हा काय चाललं असेल, ते मला इथं बसून दिसतं. खुर्चीमागे मुलीचे वडील उभे, त्यांच्यामागे मुलीचे मामा. ‘ते चिरंजीव जरा वर घ्या’, ‘प्रेषक मंडळींत काकांचं नाव राहिलं’, ‘गणपती थोडा मोठा करा’. प्रत्येक करेक्शनला तुम्ही वेगळी फाइल सेव्ह केली, म्हणून तर सात झाल्या. आधीची फाइल हाताशी राहावी म्हणून असं करणाऱ्या बाईला मी बेशिस्त म्हणणार नाही. नाव चुकलं ते इतकंच, की ते त्या एका तासापुरतं होतं. त्या तासात ‘नवीन ७’ म्हणजे काय हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. काही वर्षांनी त्या खोलीतलं कोणीच उरलं नाही, तुम्हीसुद्धा नाही; कारण तेव्हाच्या तुम्हाला जे आठवत होतं ते आजच्या तुम्हाला आठवत नाही.

तुमच्या, पुतण्याच्या आणि दिरांच्या मनात एक गोष्ट पक्की बसलीय: फायली नीट लावल्या की सापडतात. मला ती तितकीशी पटत नाही.

मी पूर्वी एका वर्तमानपत्राच्या कात्रण विभागात होते. तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांची कपाटं बघून नवीन माणूस हबकायचा. पाकिटं कोंबलेली, दोन कप्पे तर सुतळीनं बांधलेले. पण ते प्रत्येक कात्रणाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं तारीख आणि त्यात आलेली दोन-तीन मुख्य नावं लिहायचे. कोणी काही मागितलं की नुसते कोपरे चाळत जायचे आणि दोन मिनिटांत कागद हातात. ते निवृत्त झाल्यावर मी हौसेनं कपाटं लावली. विषयवार पाकिटं, छापील चिठ्ठ्या, सगळं कसं देखणं. मग एक दिवस गोसीखुर्दच्या कालव्याची बातमी मागायला माणूस आला. ती ‘सिंचन’मध्ये? ‘शेती’मध्ये? ‘पुनर्वसन’मध्ये? की ‘खर्च आणि चौकशी’मध्ये? ज्या दिवशी कात्रण लावलं त्या दिवशी माझ्या डोक्यात जे होतं त्या पाकिटात ते गेलं होतं, आणि शोधायच्या दिवशी माझं डोकं दुसरीकडे होतं. शेवटी चारही पाकिटं जमिनीवर ओतली. लाल पेन्सिलीचं काम मी बंद केलं होतं, हे सांगायला नकोच.

तुमच्या पुतण्यानं नेमकं माझंच केलंय, आणि मनापासून केलंय, म्हणून त्याला बोलू नका. त्याची उतरंड तुम्ही पत्रात उतरवून दिलीत: गिऱ्हाइकाचा प्रकार, मग समाज, मग कार्यक्रम, मग भाषा, मग आकार, मग वर्ष. आता एका मंडळाचे अध्यक्ष आपल्या मुलीची पत्रिका घेऊन आले, अर्धी मराठीत आणि अर्धी हिंदीत, तर ती जाणार कुठं? फाइल एका वेळी एकाच फोल्डरमध्ये राहू शकते, पण तिच्यात गोष्टी मात्र पाच-सहा असतात. त्यातल्या एकीला पहिली पायरी केली की बाकीच्या सगळ्या तिच्याखाली गाडल्या जातात.

एक तांत्रिक भानगडही आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या नावापासून फाइलच्या नावापर्यंतचा अख्खा पत्ता सहसा २६० अक्षरांत बसावा लागतो. लांबलचक नावांच्या सहा पायऱ्या आणि वर पेन ड्राइव्हवरचं बॅकअपचं फोल्डर, की ही मर्यादा ओलांडली जाते आणि काही फायली कॉपी व्हायला नकार देतात. ‘कॉपी करताना मधेच काहीतरी लाल येतं’ असं तुम्ही लिहिलंय, ते बहुतेक हेच असावं.

महालात कोणाचं घर शोधायच्या दोन रीती आहेत. एक, बडकस चौकातून आत जा, दुसरी गल्ली, पिंपळापाशी डावीकडे, जिना चढा. दुसरी, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून नावानं हाक मारा. वरून कोणीतरी ओ देतंच. फोल्डर म्हणजे पहिली रीत. कॉम्प्युटरला दुसरी रीत पहिलीपेक्षा फार चांगली जमते, आणि आपण तीच वापरत नाही. आता ‘अहो नवीन’ म्हणून हाक मारली तर गल्लीतली निम्मी दारं उघडतील, हेही खरं. तेव्हा तुमचं काम दोन भागांत आहे: हाक ऐकू जाईल अशी सोय करणं, आणि फायलींना नावं ठेवणं. म्हणजे चांगल्या अर्थानं.

सोय आधी. तुम्ही लिहिलंय की शोधाच्या चौकटीत टाइप केलं की हिरवी पट्टी सरकत राहते आणि तुम्ही कंटाळून बंद करता. त्यात तुमचा दोष नाही. आपल्याकडे कॉम्प्युटर बसवून देणारा प्रत्येक जण सांगतो, ‘सी मध्ये काही ठेवू नका, फॉरमॅट मारला की जाते, डी मध्ये ठेवा’. सल्ला योग्यच आहे. पण विंडोज स्वतःहून जी सूची बनवून ठेवतं, ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा सी मधल्याच नेहमीच्या जागांची. डी ची सूची तिच्याकडे नसते, म्हणून तिथं काही शोधायला सांगितलं की ती दरवेळी पहिल्या घरापासून दार वाजवत सुटते. हे सुधारायला पाच मिनिटं लागतात. स्टार्टमध्ये ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’ टाइप करा, उघडलेल्या खिडकीत ‘मॉडिफाय’ दाबा, डी आणि ई पुढे खूण करा, ओके. मग रात्रभर कॉम्प्युटर चालू राहू द्या. ३८ हजार फायलींची मोजदाद व्हायला वेळ लागतो, तेवढा एकदाच.

त्याहून सोपं, निदान तुमच्या कामाला, म्हणजे ‘एव्हरीथिंग’ नावाचं छोटंसं मोफत सॉफ्टवेअर. वॉइडटूल्स हे ते बनवणाऱ्यांचं नाव. त्यांच्याच साइटवरून घ्या, भलत्या ठिकाणचं नको. हार्ड डिस्कवरच्या सगळ्या फायलींची नावं एका कोष्टकात विंडोज आधीच लिहून ठेवत असतं. हे सॉफ्टवेअर फोल्डरं उघडत बसत नाही, सरळ ते कोष्टक वाचतं. म्हणून तुम्ही तिसरं अक्षर टाइप करेपर्यंत यादी समोर असते. पुतण्याला हे काम सांगा. दहा मिनिटांत बसवून देईल आणि त्याचा मानही राहील. एक लक्षात ठेवा, नेहमीच्या शोधात ते फक्त नाव बघतं, फायलीच्या आत काय लिहिलंय ते नाही.

आता ती २०१९ ची पत्रिका. समजा नाव ‘नवीन ७’च आहे आणि ते तुम्हाला आठवत नाही. पण तुम्हाला दोन गोष्टी पक्क्या माहीत होत्या: फाइल कोरलची होती, आणि लग्न अक्षय तृतीयेचं होतं. त्या वर्षी अक्षय तृतीया ७ मे ला आली होती. म्हणजे काम मार्च-एप्रिलचं. शोधाच्या चौकटीत तारांकन, टिंब आणि सीडीआर एवढंच टाइप करा. कोरलच्या झाडून सगळ्या फायली येतील. वरच्या ‘डेट मॉडिफाइड’ या मथळ्यावर क्लिक केलं की त्या तारखेनुसार लागतील. सरकत सरकत २०१९ च्या मार्चवर या. त्या दोन महिन्यांच्या फायली असून असून किती असतील? शे-दोनशे. एक्सप्लोररमध्ये कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा, चित्रं मोठी होतील. लाल-सोनेरी गणपती तुम्ही लांबूनही ओळखाल. हे सगळं पाच मिनिटांचं काम होतं, गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंतचं.

पुतण्यानं इकडचं तिकडे केल्यावर तारखा बदलल्या असतील अशी भीती वाटेल. फाइल हलवली किंवा कॉपी केली तरी ‘मॉडिफाइड’ची तारीख तशीच राहते, उघडून पुन्हा सेव्ह केली तरच बदलते. म्हणून जुनी फाइल नुसती बघायला उघडली असेल आणि बंद करताना सेव्ह करू का असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणा.

आता तुमच्या-माझ्या पिढीचं खास दुखणं: कृतिदेव हा जुना मराठी फाँट. तुम्ही विचारलंय की ‘वर्डमधल्या जुन्या मजकुरात नाव शोधते तर एकही सापडत नाही, असं कसं?’ कृतिदेवमध्ये ‘नागपूर’ टाइप केलं की पडद्यावर ‘नागपूर’ दिसतं, पण फायलीच्या पोटात यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे ही सहा इंग्रजी अक्षरं असतात. फाँट हा नुसता मुखवटा. म्हणून तर फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली की इंग्रजी कचरा दिसतो. युनिकोड या आताच्या पद्धतीत मात्र ‘ना’ म्हणजे खरोखरचा ‘ना’ साठवला जातो. तुम्ही शोधाच्या चौकटीत युनिकोडमधून ‘नागपूर’ लिहिता, विंडोज इमानदारीनं ‘नागपूर’ शोधतं, आणि तुमच्या फायलींत तो शब्दच नाही.

यावर एक गावठी उपाय आहे. कीबोर्ड इंग्रजीच ठेवा, चौकटीकडे बघू नका, आणि बोटं मराठी टाइपिंगच्या सवयीनं चालवा. पडद्यावर अगम्य काहीतरी उमटेल, पण तेच तर फायलीत आहे. ‘पाटील’, ‘रामटेके’ असे शब्द लागतात. ‘देशमुख’ त्रास देतात, कारण कृतिदेवमधल्या ‘श’ आणि ‘ख’ ला अक्षराआधी एक चिन्ह लागतं आणि शोध तिथं अडखळतो. मग देशमुखांच्या मजकुरातला दुसरा एखादा साधा शब्द धरा. हे सगळं वर्डच्या मजकुरासाठी, तेही सूचीत डी ड्राइव्ह घातल्यावर. कोरलच्या फायलीच्या पोटातलं विंडोजला सापडेल या भरवशावर राहू नका. पत्रिकेच्या बाबतीत जे काही आहे ते फायलीच्या नावातच पाहिजे.

नाव कसं द्यायचं? एक नमुना घ्या: ‘२०१९-०४-१२ लग्न वानखेडे-भोयर ४४१० मूळ’. एकेक बघू.

तारीख वर्षापासून सुरू होते. कॉम्प्युटर नावं डावीकडून लावतो. दिवस आधी लिहिला की २०१९ चा १२ एप्रिल आणि २०२४ ची १२ जानेवारी शेजारी येऊन बसतात. वर्ष, महिना, दिवस असं लिहिलं की नावानुसार लावलेली यादी आपोआप काळानुसार लागते. तारीख अशी लिहायचा आंतरराष्ट्रीय संकेत १९८८ पासून आहे, हे माझं शोधकाम नव्हे. तिरकी रेघ वापरता येणार नाही. ती, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह अशी नऊ चिन्हं विंडोज नावात घेतच नाही. आडवी छोटी रेघ पुरे.

आडनावं दोन, कारण गिऱ्हाईक पुढच्या वेळी मुलीकडून येईल की मुलाकडून, हे आज सांगता येत नाही. चार आकडे आहेत ते गिऱ्हाइकाच्या मोबाइलचे शेवटचे. मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. पाच वर्षांनी आलेल्या माणसाकडे बिल नसतं, तारीख आठवत नसते, आणि नाव तो ‘तुमच्या दिराचा मित्र आहे मी’ असं सांगतो. नंबर मात्र तोंडपाठ असतो, आणि आपल्याकडे माणसं घर बदलतात पण नंबर सहसा टिकवतात. आकड्यांना स्पेलिंगही नसतं. वानखेडे इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. ४४१० एकाच तऱ्हेनं.

नाव मराठीत की इंग्रजीत? विंडोज दोन्ही घेतं. तुमचा हात रेमिंग्टनच्या, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या, मांडणीवर बसलेला असेल तर त्याच मांडणीचे युनिकोड कीबोर्ड मिळतात, पुतण्याला सांगा. पण छापखान्याकडचा कॉम्प्युटर जुना असेल आणि तिथं मराठी नावांचे चौकोन होत असतील, तर इंग्रजी ठेवा. वाद घालण्यासारखं यात काही नाही. फक्त एक ठरवा आणि मग बदलू नका.

शेवटचा शब्द, ‘मूळ’. छापायला देताना फाँट बिघडू नये म्हणून तुम्ही अक्षरांचे कर्व करता, म्हणजे अक्षरांचं चित्रच करून टाकता. ती फाइल छापायला उत्तम, पण तिच्यातलं नाव पुन्हा टाइप करून बदलता येत नाही. कितीतरी दुकानांत शेवटी उरते ती तेवढीच, आणि धाकटीच्या लग्नाला सगळा मजकूर नव्यानं बसवावा लागतो. म्हणून एका कामाच्या तीन फायली ठेवा, नाव एकच, शेवट वेगळा: ‘मूळ’, ‘कर्व’ आणि ‘प्रूफ’. प्रूफ म्हणजे व्हॉट्सॲपवर पाठवता ती जेपीजी. ती फेकू नका. तुम्ही पत्रिका नावानं नाही, रूपानं लक्षात ठेवता, हे तुमच्या पत्रात तीनदा आलंय. जेपीजी असली की फोल्डर उघडून नजर टाकली, झालं. मधल्या करेक्शनच्या सात फायली छपाई होऊन पैसे आले की काढून टाका. त्याआधी नाही.

मंडळांच्या कामात दरवर्षी एक घोटाळा होतो, तोही सांगून टाकते. मागच्या वर्षीचं पावती पुस्तक उघडायचं, वर्ष बदलायचं आणि सवयीनं सेव्ह. झालं, मागच्या वर्षीची फाइल गेली. उघडल्या उघडल्या पहिलं काम ‘सेव्ह ॲज’, हात लावायच्या आधी.

फोल्डरं मग किती? वर्षाचं एक. त्याच्या आत प्रत्येक कामाचं एक, त्याला तेच नाव, शेवटचा शब्द सोडून. बस. समाज, भाषा, आकार काही नाही. डेस्कटॉप हा दुकानाचा ओटा समजा: आजचं काम आज तिथं पसरलेलं चालेल, संध्याकाळी कुलूप लावण्याआधी आत. गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲपवरून येणारे फोटो आणि मजकूर ‘व्हॉट्सॲप इमेज’ आणि लांबलचक तारीख-वेळ अशा नावांनी डाउनलोड्समध्ये साचतात. ते त्याच दिवशी त्या कामाच्या फोल्डरमध्ये ओढा. त्यांना नावं दिली नाहीत तरी चालेल, फोल्डरला नाव आहे ना. आणि कोणी वेगळं रजिस्टर किंवा एक्सेलची यादी ठेवायला सांगेल. माझं मत विचाराल तर नको. गर्दीच्या दिवसांत दोन्हीकडे लिहिणं होत नाही, मग दोन्ही अर्धवट राहतात.

राहिला १९ वर्षांचा ढीग. आत्ताच मारबत झाली. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत या फायलीही एकदाच्या गावाबाहेर काढाव्यात असा मोह तुम्हाला झालाय, ते शब्दाशब्दांतून दिसतं. नको. जागेचा प्रश्न नाही: फाइल सरासरी पाच एमबी धरली तरी सगळं मिळून १९० जीबी. एक टीबीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर ते पाच वेळा बसेल. ती डिस्क आधी आणा आणि सगळं जसंच्या तसं तिच्यावर उतरवा. हे झाल्याशिवाय पुतण्याला किंवा मला, कोणालाही काहीही हलवू देऊ नका. उतरवताना शॉर्टकट नव्हे, फाइलच जातेय हे बघा. मी एकदा अख्खा लेख म्हणून पेन ड्राइव्हवर दोन केबीचा शॉर्टकट घेऊन कचेरीत गेले होते. ती डिस्क दुकानात नाही, घरी ठेवा.

मग डी ड्राइव्हवर ‘जुनं’ नावाचं एक फोल्डर करून आजवरचं सगळं त्यात टाका, पुतण्याच्या पायऱ्यांसकट. लावू नका. ज्या दिवशी एखादं जुनं काम मागायला कोणी येईल त्या दिवशी ते शोधा, एफ २ दाबून चांगलं नाव द्या आणि या वर्षाच्या फोल्डरमध्ये आणा. ज्यांना कधीच कोणी विचारणार नाही त्या हजारो फायली तिथंच पडून राहतील, आणि त्यांच्यावर तुमचा एक मिनिटही जाणार नाही.

नवा कॉम्प्युटर? जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली तर तुमचा आहे तोच कॉम्प्युटर बराच पळेल, तो खर्च मला पटतो. विंडोज १० असेल तर मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलाय आणि विंडोज ७ चा तर २०२० सालीच. सुरक्षेसाठी बदल करावा लागेल, ते कारण खरं आहे. पण ‘नवीन ७’ नव्या कॉम्प्युटरवरही ‘नवीन ७’च राहील.

आणि ती शिकलेली मुलगी. जरूर ठेवा, पण तुमच्या दोषाची भरपाई म्हणून नको, कामाचा बोजा आहे म्हणून ठेवा. खरी अडचण मला वेगळीच दिसते. आज त्या दुकानाची सूची म्हणजे तुम्ही. तुम्ही दोन दिवस माहेरी गेलात की दिरांना एकही पत्रिका सापडत नाही, आणि ते फोनवर विचारतात, ‘वहिनी, ते कुठं ठेवून राहिल्या तुम्ही?’ तेव्हा एक परीक्षा घ्या. नव्या पद्धतीनं पंधरा-वीस कामं झाली की दिरांना खुर्चीवर बसवा, एका गिऱ्हाइकाचे चार आकडे सांगा आणि बाजूला व्हा. माउसला हात लावायचा नाही. त्यांना दोन मिनिटांत सापडलं तर नावं बरोबर आहेत. नाही सापडलं तर कुठं अडकले ते बघा आणि नाव बदला, दिरांना नाही. ‘आवरत काऊन नाही गेल्या’ याचं उत्तरही त्यांना त्या खुर्चीवरच मिळेल.

ज्यांचं दुकान नाही त्यांनाही यातलं बरंच चालेल. सातबारा, फेरफार, मुलांच्या मार्कशीट, सोसायटीची इतिवृत्तं, बहुतेक पोर्टलवरून उतरवलेल्या पीडीएफची नावं निव्वळ आकड्यांची असतात. उतरवल्या त्याच मिनिटाला तारीख, कागद कसला, कोणाचा आणि गाव किंवा गट क्रमांक एवढं नावात घाला. पोर्टलवर अपलोड करायच्या शेवटच्या रात्री तुम्ही ‘सातबारा काटोल’ टाइप कराल, आणि तो तिथं असेल.

ताई, एक काम मात्र आज संध्याकाळीच करा. ती पत्रिका आता सापडलीय ना? धाकटीचं नाव घालायची जागा मोकळी ठेवून तिची एक जेपीजी करा आणि त्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. खाली एवढंच लिहा: ‘तुम्ही म्हणालात तीच, मोठीची. सापडली.’ तुळशीचं लग्न लागायला अजून वेळ आहे; त्यांनी दुसरीकडे छापायला टाकली नसेलही.